'काइंड ऑफ ब्लू' घ्यायची, पण कुठली?

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीची पहिली बाजू जगाने ३३ वर्षं किंचित चढ्या सुरात ऐकली. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावर, एका जुन्या चर्चच्या इमारतीतल्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत पहिल्या तीन रचना मुद्रित झाल्या. त्या दिवशी मुख्य टेप मशीन जरासं मंद चालत होतं. मंद फिरणाऱ्या टेपवर घेतलेला आवाज नीट वेगाच्या मशीनवर वाजवला की सूर वर सरकतो. तसंच झालं, आणि तशीच तबकडी निघाली. तिच्यासोबत पियानो किंवा सॅक्सोफोन वाजवून शिकणाऱ्यांना आपलं वाद्य नेमकं लागत नाही, हे कळत होतं. पण दोष आपला की तबकडीचा, हे कोण सांगणार? सुदैवाने त्या दिवशी जोडीला दुसरं मशीन चालू होतं, जपणुकीची प्रत घेण्यासाठी. त्याचा वेग बरोबर होता. १९९२ साली ती टेप वापरून केलेल्या आवृत्तीत सूर पहिल्यांदा जागेवर आला. २२ एप्रिलला मुद्रित झालेल्या दुसऱ्या बाजूला हा दोष नव्हताच.

मग आता सांगा, या तबकडीची 'खरी' आवृत्ती कुठली? १९५९ ची पहिली प्रत जमवणाऱ्याच्या दृष्टीने अनमोल, पण अर्धी बेसूर. १९९२ नंतरची सुरात, पण तिला 'ओरिजिनल' म्हणता येत नाही. जॅझची जुनी मुद्रणं जमवण्याचा सगळा छंद या एका प्रश्नाभोवती फिरतो. बाहेरून तो पैसेवाल्यांचं खूळ वाटतो, आणि काही अंशी तो आहेही. पण त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, ती समजली की नाशिकमध्ये बसून मोबाइलवर ऐकणाऱ्यालाही तिचा उपयोग होतो.

ती गोष्ट अशी. जॅझमध्ये रचना हा बहुतेक वेळा निमित्तमात्र भाग असतो. ३२ किंवा १२ मात्राखंडांची एक चाल घ्यायची, ती एकदा सरळ वाजवायची, आणि मग त्याच सुरावटीच्या सांगाड्यावर आवर्तनामागून आवर्तनं नवं काही रचत जायचं. या आवर्तनाला ते 'कोरस' म्हणतात. माझ्या ओळखीतले नाशिकचे जॅझ ऐकणारे बहुतेक शास्त्रीय संगीताकडून आलेले आहेत. त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही: यमनची बंदिश तीच असली तरी परवाच्या बैठकीतला यमन आणि आजचा यमन एक नसतो. म्हणून जॅझची रेकॉर्ड ओळखायची ती नावाने नव्हे, तारखेने. कुठल्या दिवशी, कुठे, कोण कोण वाजवत होतं आणि कितवा टेक, म्हणजे त्याच रचनेचं कितव्यांदा केलेलं मुद्रण. गाण्याचं नाव यानंतर येतं. जुन्या जॅझच्या सूचींमध्ये प्रत्येक मुद्रणापुढे तारीख, वादकांची यादी आणि मॅट्रिक्स क्रमांक असतो, तो याचसाठी. मॅट्रिक्स क्रमांक म्हणजे कंपनीने त्या विशिष्ट मुद्रणाला दिलेला नंबर. एकाच गाण्याचे दोन टेक असतील तर नंबरच्या शेवटी १, २ लागतात, आणि दोन्हींमधला सोलो संपूर्ण वेगळा असू शकतो.

आता ही मुद्रणं आपल्यापर्यंत कशी पोचली, ते पाहू. कारण दोष आणि घोळ तिथेच शिरतात.

जॅझची पहिली रेकॉर्ड मानली जाते ती १९१७ ची, ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत, आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणात खाच पाडत जाई. मोठा ढोल वाजवला तर सुईच उडे, म्हणून ड्रमवाला लाकडी ठोकळ्यांवर भागवत असे. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या बँडने इंडियाना राज्यातल्या रिचमंडमध्ये जेनेट कंपनीसाठी मुद्रण केलं. त्यात कोवळा लुई आर्मस्ट्राँग दुसरा कॉर्नेट (ट्रम्पेटचाच आखूड भाऊ) वाजवत होता. त्याचा आवाज इतका दमदार की त्याला बाकीच्यांपासून लांब मागे उभं केलं, अशी आठवण सांगतात. स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता, गाडी आली की थांबायचं. म्हणजे १९२३ ची ती रेकॉर्ड ऐकून 'या बँडला ढोलच नव्हता' असा निष्कर्ष काढणं चूक. आपण ऐकतो तो बँड कर्ण्याला झेपला तेवढाच.

१९२५ मध्ये विजेवर चालणारं मुद्रण आलं, मायक्रोफोन आला आणि चित्र पालटलं. आर्मस्ट्राँगची २८ जून १९२८ ची 'वेस्ट एंड ब्लूज' ऐका. सुरुवातीला तो एकटाच ट्रम्पेटवर जी झेप घेतो, तिच्यातला श्वाससुद्धा कळतो. मात्र १० इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपासच मावत असे. आपल्याकडच्या गवयांनी तीन मिनिटांत ख्याल बसवला, तसा तिकडच्यांनीही आपला सोलो आठ-सोळा मात्राखंडांत घट्ट बांधला. या काळातलं जॅझ त्यामुळे फार गोळीबंद आहे, आणि नव्याने ऐकणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. लोक मात्र थेट १९६० च्या दशकातल्या वीस-वीस मिनिटांच्या तबकडीला हात घालतात आणि घाबरून पळतात.

या ७८ च्या तबकड्या कशाच्या असत, तर लाखेच्या. लाखेचा कीडा आपल्याकडचा, माल इथून जगभर जायचा. दुसऱ्या महायुद्धात लाख मिळेनाशी झाली आणि अमेरिकेत जुन्या रेकॉर्डी गोळा करून वितळवून पुन्हा वापरल्या गेल्या. त्यात १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकी वादकांच्या संघटनेने रेकॉर्ड कंपन्यांविरुद्ध संप केला. रेडिओ आणि नाणं टाकून रेकॉर्ड वाजवणारे ज्यूकबॉक्स आमचंच संगीत फुकट वाजवून आम्हालाच बेकार करतात, मोबदला द्या, ही मागणी. मोठ्या कंपन्यांपैकी डेक्काने १९४३ मध्ये तडजोड केली, कोलंबिया आणि व्हिक्टर १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून राहिल्या. नेमक्या याच काळात बीबॉप ही जॅझची नवी, वेगवान शैली जन्माला येत होती. तिचे प्रणेते, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी दोघेही १९४३ साली अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये होते, आणि त्या बँडची एकही स्टुडिओ रेकॉर्ड नाही. १९४५ साली मुद्रित झालेली पार्करची 'को-को' बाहेर आली तेव्हा श्रोत्यांना ते संगीत आकाशातून पडल्यासारखं वाटलं. मधल्या पायऱ्या कुठल्याच तबकडीवर नव्हत्या ना!

म्हणूनच पार्करच्या वेड्यांच्या कथा आहेत. डीन बेनेडेटी नावाचा एक सॅक्सोफोनवादक १९४७-४८ मध्ये क्लबमध्ये यंत्र घेऊन जाई आणि फक्त पार्करचा सोलो मुद्रित करी. पार्कर थांबला की यंत्र बंद. बाकीच्यांच्या वाटचा कोऱ्या तबकड्यांचा नि टेपचा खर्च कोण करणार! ती मुद्रणं कित्येक वर्षं दंतकथा होती. १९९० मध्ये मोझेक रेकॉर्ड्सने ती संचरूपाने काढली. सुरू होताहोता तुटणारी, खरखरीची ही तुकडेबाजी सलग ऐकवत नाही. पण सॅक्सोफोन शिकणाऱ्याला ती खाण आहे.

जून १९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी (एलपी) आणली आणि त्याच सुमाराला मुद्रण टेपवर होऊ लागलं. या दोन बदलांनी जॅझचा श्वास लांबला. आणि 'रीइश्यू', म्हणजे जुनं मुद्रण नव्याने काढणं, या प्रकरणाची गुंतागुंतही इथेच सुरू झाली. कारण आता टेपवरून तबकडी करताना मध्ये माणूस बसतो. तो ठरवतो खर्ज किती, झांजेचा चटका किती, कुठला टेक घ्यायचा, कुठे कापायचं.

याचं सगळ्यात मासलेवाईक उदाहरण जॅझ बँडचा म्होरक्या ड्यूक एलिंग्टनचं आहे. ७ जुलै १९५६, अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव. एलिंग्टनचा बँड तेव्हा मागे पडल्यासारखा झाला होता. उशिरा रात्री 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू' सुरू झालं आणि मधल्या जागेत पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला. (नाव वाचून गोव्याचा वाटेल. मूळ केप व्हर्डेचं घराणं, पोर्तुगीज वारसा तोच.) त्याने २७ कोरस वाजवले. लोक खुर्च्यांवर चढून नाचू लागले. कोलंबियाने तबकडी काढली, ती तुफान खपली, एलिंग्टनची गाडी पुन्हा रुळावर आली.

पण तबकडीत गोन्साल्विस जरा लांबून येतो. कारण तो चुकीच्या मायक्रोफोनसमोर उभा होता. स्टेजवर दोन कंपूंचे माइक होते, एक कोलंबियाचा आणि एक व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचा. गोन्साल्विस रेडिओवाल्यांच्या माइकमध्ये वाजवत राहिला. त्याहून मोठी गंमत म्हणजे मैफलीतल्या काही रचना एलिंग्टनला पसंत नव्हत्या, म्हणून त्या नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चिकटवल्या होत्या. 'न्यूपोर्टची प्रत्यक्ष मैफल' म्हणून लोकांनी चाळीस वर्षं जे ऐकलं, त्यातला बराच भाग न्यूपोर्टचा नव्हताच. पुढे रेडिओची टेप सापडली. १९९९ च्या आवृत्तीत दोन्ही टेप शेजारी जुळवल्या, एक डाव्या कानाला, एक उजव्या. दोन वेगळ्या कंपूंच्या दोन मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज देणाऱ्या, मुद्रणांतून स्टीरिओ तयार झाला, आणि गोन्साल्विस अखेर पुढे आला. इथे रीइश्यू मूळ तबकडीपेक्षा प्रसंगाच्या जास्त जवळ आहे. रीइश्यू म्हणजे नेहमीच पाणी घातलेलं दूध, असं समजणाऱ्यांनी ही दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत.

उलटी उदाहरणंही भरपूर आहेत. १९५८ नंतर स्टीरिओची लाट आली, तेव्हा कंपन्यांनी जुनी मोनो मुद्रणं इलेक्ट्रॉनिक युक्त्यांनी 'स्टीरिओ' करून विकली. एका बाजूला खर्ज, दुसऱ्या बाजूला तार आणि वर थोडा घुमारा. कव्हरवर अभिमानाने तसं छापलेलं असतं. अशी तबकडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तसंच ७८ च्या रेकॉर्डींची खरखर संगणकाने पुसून काढलेली संकलनं. खरखर आणि झांजेचा आवाज एकाच पट्ट्यात राहतात. एक पुसलं की दुसरं जातं, उरतो तो गोधडीखालून आल्यासारखा बँड. थोडी खरखर सोसावी, कान तिला दहा मिनिटांत विसरतो.

जमवणाऱ्यांचं दैवत मात्र ब्लू नोट. जर्मनीहून आलेल्या आल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये सुरू केलेली ही छोटी कंपनी. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ फोटो काढायचा. मुद्रण करायचा रूडी व्हॅन गेल्डर, जो दिवसा चष्म्याचे नंबर काढायचा आणि फावल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये आईवडिलांच्या दिवाणखान्यात मुद्रण करायचा. १९५९ मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. या तबकड्यांची परीक्षा लेबलवर होत नाही, शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत कड्यात होते. तिथे हाताने कोरलेली किंवा ठशाने उमटवलेली 'आरव्हीजी' ही अक्षरं असली, तर मास्टर, म्हणजे जिच्यावरून पुढच्या प्रती दाबतात ती पहिली तबकडी, व्हॅन गेल्डरने स्वतः कापला. शेजारी कानासारखी दिसणारी एक वेलांटी असली, तर प्लास्टिलाइट या कारखान्यात दाबलेली. लिबर्टी कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्याला ब्लू नोट विकत घेतली, त्यानंतर तो कारखाना सुटला. म्हणून 'कान' दिसला की भाव चढतो. काही तबकड्यांना हजारो डॉलर मिळतात. त्या पैशांत बरंच संगीत ऐकून होतं, हे आपलं माझं मत.

जाता जाता मोनोबद्दल. 'ब्लू नोट मोनोतच ऐकावी' असं ठासून सांगणारे भेटतात. १९५८ पूर्वीच्या मुद्रणांपुरतं ते बरोबर आहे. त्यानंतरच्या बऱ्याच मोनो तबकड्या स्टीरिओ टेपचे दोन भाग एकत्र करूनच तयार झालेल्या आहेत. वेगळी मोनो टेप नव्हतीच.

मग आजचा रीइश्यू कसा निवडायचा? दोनच प्रश्न विचारायचे: मूळ कशावरून घेतलं, आणि मास्टरिंग, म्हणजे टेपवरून तबकडीसाठी आवाज बसवण्याचं काम, कोणी केलं. चांगली कंपनी दोन्ही छापते. ब्लू नोटची २०१९ पासूनची 'टोन पोएट' मालिका मूळ टेपवरून केव्हिन ग्रेने कापलेली आहे, तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. ज्या कव्हरवर यातलं काहीच नसतं, ती बहुधा युरोपातल्या एखाद्या छोट्या प्रकाशकाची. तिकडे मुद्रणाचा हक्क आधी ५० वर्षांचा होता, मग ७० चा झाला, पण १९६३ पूर्वी निघालेल्या तबकड्यांचा एकदा संपलेला हक्क परत आला नाही. त्यामुळे १९५० च्या दशकात निघालेलं सगळं जॅझ तिथे कायदेशीरपणे कुणीही छापू शकतो. मूळ टेप मात्र त्याच्या हाती नसते. तो एखादी सीडी घेतो आणि तीच व्हिनाइलवर, म्हणजे एलपीच्या प्लास्टिकवर, दाबतो. बेकायदा काही नाही, पण मग तीच सीडी चौथ्या हिश्श्यात घ्यावी की. आपल्या कायद्यातही मुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचा आहे, म्हणजे १९५९ च्या तबकड्यांचा २०१९ अखेर संपला.

'ही तबकडी संपूर्ण अ‍ॅनालॉग आहे का', यावरून मात्र फार भक्तिभाव करू नये. २०२२ मध्ये उघड झालं की मोबाइल फिडेलिटी ही नावाजलेली अमेरिकी कंपनी अनेक महागड्या तबकड्यांसाठी मूळ टेप आधी डिजिटलमध्ये घेत होती, आणि मग त्यावरून कापत होती. गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं. सांगितलं नाही ही लबाडी खरीच. पण त्याच तबकड्यांच्या 'अ‍ॅनालॉग ऊबे'ची वर्षानुवर्षं स्तुती करणाऱ्या कानांना फरक कळला नव्हता, हेही त्यातून बाहेर आलं. टेप कायम टिकत नाही. तिच्यावरचा थर झडतो, ती जळतेही. अटलांटिक कंपनीचं न्यू जर्सीतलं कोठार १९७८ मध्ये जळलं, त्यात न निघालेले कितीतरी टेक गेले. अशा वेळी चांगली डिजिटल प्रत असणं हीच चैन.

आणि कधी कधी हरवलेलं सापडतं. पियानोवादक थेलोनियस मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची २९ नोव्हेंबर १९५७ ची कार्नेगी हॉलमधली मैफल २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या टेपांत मिळाली. दोघे एकत्र फार थोडं मुद्रित झालेले. एवढ्या स्वच्छ मुद्रणात तर नाहीच. तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं जुनं असलेलं हे 'नवं' जॅझ पहिल्यांदा सीडीवरच आलं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

आता आपल्या गावाकडे. नाशिकहून रेकॉर्ड शोधायला निघालेला माणूस पंचवटी एक्स्प्रेसने निघतो आणि चोरबाजारात पोचतो. त्याने जायला हरकत नाही, पण देवळाली कॅम्पातले जुने बंगले रिकामे होताना निघणाऱ्या सामानावरही लक्ष ठेवावं. अमेरिकेहून कुणी जुना टर्नटेबल आणणार असेल तर मोटर आधी पाहा. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. त्या काळातल्या बऱ्याच मोटरी विजेच्या वारंवारतेवर चालतात, त्यामुळे ३३⅓ ची तबकडी इथे २८ च्या आत फिरते आणि माइल्स डेव्हिस रडका होतो. पुली बदलून मिळाली आणि व्होल्टेजची सोय झाली तर ठीक, नाहीतर शोभेला ठेवा. ७८ च्या तबकडीला एलपीची सुई लावू नका. ती खाच जवळजवळ तिप्पट रुंद असते, सुई तळाशी घासत जाते. उलट चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली तर एका वाजवण्यात ती संपली.

पावसाळ्यात बुरशी येते. व्हिनाइल डिस्टिल्ड पाण्याने, बॅटरीत घालायचं पेट्रोल पंपावर मिळतं त्या पाण्याने, एक थेंब सौम्य साबण घालून खाचेच्या दिशेने पुसा, लेबल कोरडं ठेवा. ७८ च्या रेकॉर्डीला मात्र स्पिरिट चुकूनही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, कुठल्याही सुताराला विचारा, त्याचं पॉलिश तसंच होतं. तबकड्या उभ्या ठेवा, आणि मे महिन्यात गाडीत विसरू नका.

घरच्या ७८ च्या ढिगाऱ्यात 'जुनी इंग्रजी गाणी' म्हणून बाजूला काढलेल्या तबकड्या टाकण्याआधी एकदा वाचा. मुंबईच्या ताजमध्ये १९३५ पासून अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ बँड वाजवत होते. लिऑन ॲबीचा बँड आधी आला, मग क्रिकेट स्मिथने १९३६ मध्ये मुंबईतच रेक्स या लेबलसाठी मुद्रण केलं. पियानोवादक टेडी वेदरफर्डने कलकत्त्यात कोलंबियासाठी कितीतरी बाजू भरल्या आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. त्यांच्या सोबतीने गोव्याचे वादक तयार झाले. आल्दोनाचा अंतोनिओ शाव्हिएर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट त्यांतला सर्वांत गाजलेला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यालाच हाताशी धरून 'अलबेला' (१९५१) सजवला, आणि त्यात चिक पडद्यावरही दिसतो. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात दाबलेल्या या तबकड्या अमेरिकेत कधी निघाल्याच नाहीत, त्यामुळे तिकडचे जमवणारे त्या इथे शोधतात. अशी एखादी हाती लागली तर पुसायच्या आधी लेबलचा स्वच्छ फोटो काढा, आणि तिरप्या उजेडात धरून लेबलच्या कडेचा मॅट्रिक्स क्रमांक उतरवून घ्या. लेबलवर बँडचं नाव चुकीचं असू शकतं, अनेकदा ते असतंच. दिवस आणि वादक शोधायचे असतील तर सुरुवात त्या क्रमांकापासून होते.